शोअर ए १५ म्हणजे नेमकं किती? एका वाक्याची उलटतपासणी

"नमुन्यांचा हार्डनेस शोअर ए ड्युरोमीटरने मोजला."

रबर किंवा फोमवरचा जवळपास कुठलाही शोधनिबंध उघडा, पद्धतींच्या भागात हे वाक्य भेटेल. सहा शब्दांचं साधं वाक्य. लिहिणारा तिथे थांबत नाही, परीक्षक थांबत नाहीत, आणि तुम्ही साहित्य-आढावा लिहीत असाल तर तुम्हीही खालच्या तक्त्यातला आकडा उचलून पुढे जाता. मीही तेच करत होते. आज या वाक्याविरुद्ध तक्रार घेऊन बसले आहे, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी त्याने मला चांगलंच तोंडावर पाडलं होतं. ती गोष्ट पुढे सांगते. आधी यंत्र बघू.

ड्युरोमीटर तुम्ही पाहिला नसेल तर डोळ्यांसमोर आणा: खिशात मावेल एवढं यंत्र, वर घड्याळासारखी तबकडी, खाली सपाट तळ आणि त्या तळाच्या मधोमध बाहेर आलेलं एक छोटं धातूचं टोक. अल्बर्ट शोअर या अमेरिकन माणसाचं नाव त्याला मिळालं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. शोअर ए प्रकारात टोक म्हणजे शेंडा कापलेला शंकू असतो. कोन ३५ अंश, कापलेल्या शेंड्याचा व्यास ०.७९ मिमी. हे टोक तळाच्या बाहेर २.५ मिमी आलेलं असतं. यंत्र काचेवर दाबलं तर टोक पूर्ण आत जातं, काटा १०० दाखवतो. हवेत धरलं तर ०. मधला प्रत्येक अंक म्हणजे ०.०२५ मिमी.

आता टोकामागच्या स्प्रिंगकडे या. तिचा जोर कायम नसतो. मिलिन्यूटनमध्ये तो ५५० अधिक (७५ गुणिले काट्यावरचा आकडा) एवढा असतो. म्हणजे शून्यावर जेमतेम अर्धा न्यूटन आणि शंभरावर ८.०५ न्यूटन. याचा अर्थ असा की मऊ रबर आपण कमी जोराने दाबतो आणि कडक रबर जास्त जोराने, आणि मग दोघांना एकाच पट्टीवर उभं करतो. जोर वेगळा, खोली वेगळी, आणि शंकू असल्यामुळे रबराशी भिडणारं क्षेत्रफळही वेगळं. म्हणूनच शोअरच्या आकड्याला एकक नाही. तो न्यूटन नाही, मिलिमीटर नाही, मेगापास्कल तर नाहीच. तो फक्त त्या तबकडीवरचा आकडा आहे. हे नीट डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम वेळेचं आहे. रबर म्हणजे पोलाद नव्हे. टोक टेकवून धरून ठेवा, काटा वर जाऊन तिथेच थांबत नाही, हळूहळू खाली सरकायला लागतो. रबराच्या लांब साखळ्या दाबाखाली सावकाश जागा बदलत असतात, टोक अजून थोडं रुततं. मग आकडा कधी वाचायचा? एएसटीएम डी २२४० सांगतं १ सेकंदाने. आयएसओ ४८ च्या चौथ्या भागात व्हल्कनाइझ केलेल्या रबरासाठी ३ सेकंद आहेत आणि थर्मोप्लास्टिक रबरासाठी १५ सेकंद. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. फक्त ती एकमेकांशी तुलना करण्यासारखी नाहीत, आणि आपल्या सहा शब्दांच्या वाक्यात यातलं काहीच नाही.

आता माझी गोष्ट.

नैसर्गिक रबरात कार्बन ब्लॅकचा काही भाग काढून त्याजागी भाताच्या तुसाच्या राखेपासून काढलेली सिलिका घालायची, असा माझा पहिला प्रयोग होता. मूळ मिश्रणाचा हार्डनेस माझ्या आधीच्या सीनियरने मोजून ठेवला होता, ५८. माझ्या मिश्रणाचा मी मोजला, ६२. चार अंकांची वाढ! मी खूश. सेमिनारमध्ये स्लाइड लावली, त्यावर चढता बाण काढला, 'फिलर आणि रबर यांच्यातली सुधारलेली आंतरक्रिया' वगैरे दोन वाक्यं टाकली. ती वाक्यं कुठल्या तरी निबंधातून उचललेली होती हे वेगळं सांगायला नको.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "अगं, आकडा कधी वाचलास?"

मी म्हटलं, "मागच्या मंगळवारी."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "टेकवल्यावर किती सेकंदांनी, ते विचारतेय."

मला माहीतच नव्हतं. मी टेकवायचे, काटा जिथवर उडी मारेल तो सर्वांत मोठा आकडा लिहायचे. सेमिनार संपल्यावर प्रयोगशाळेत गेले आणि मोल्डिंग प्रेस चालवणाऱ्या मामांना विचारलं की आधीचे दादा कसं मोजायचे. मामा म्हणाले, "ताई, ते काटा थांबेपर्यंत धरून बसायचे. आम्ही तोवर चहा घेऊन यायचो." म्हणजे सीनियरने निवांत पंधरा-वीस सेकंदांनी वाचलं होतं आणि मी उडीचा शेंडा वाचत होते. शिवाय त्याचा नमुना एकसंध जाड बटण होता. मी मात्र टेन्साइलसाठी केलेल्या २ मिमीच्या शीटचे दोन तुकडे एकावर एक ठेवून भागवलं होतं. जाडी झाली ४ मिमी. मानकाला किमान ६ मिमी लागते. त्याहून पातळ नमुना असला की खालचं टेबलही मोजमापात शिरतं. माझ्या ६२ मध्ये थोडं रबर होतं, थोडी घाई होती आणि थोडं पोलादी टेबल होतं.

दोन्ही मिश्रणं पुन्हा केली. सोळा तास ठेवली, कारण व्हल्कनायझेशननंतर लगेच मोजायचं नसतं. जाड बटणं, स्टँडवर बसवलेला ड्युरोमीटर, वर १ किलोचं वजन म्हणजे हाताचा जोर मधे येत नाही, ३ सेकंद, कडेपासून १२ मिमी आत, एकमेकांपासून किमान ६ मिमी लांब अशा पाच जागा, आणि पाचांतला मधला आकडा. फरक आला १ अंकाचा. चढता बाण गेला.

हे वाचून तुम्ही म्हणाल, एक अंक काय आणि चार अंक काय, एवढा बाऊ कशाला? तर आता थोडं गणित करू.

ॲलन जेंट यांनी १९५८ साली शोअर ए आणि यंग्ज मॉड्युलस यांच्यातला एक अंदाजी संबंध मांडला. तो आजही वापरतात. सूत्र इथे देत नाही, शोधलंत तर लगेच सापडेल, पण त्यातून येणारे आकडे बघा. शोअर ३० ला मॉड्युलस येतो साधारण १.१ मेगापास्कल. शोअर ६० ला ३.६. हार्डनेस दुप्पट, ताठरपणा तिपटीहून जास्त. शोअर ८५ ला १३ च्या आसपास. म्हणजे पट्टी सरळ नाही, वर जाताना ती प्रचंड ताणली जाते. आता हातात धरलेल्या ड्युरोमीटरची दोन अंकांची चूक घ्या, जी अगदी सहज होते. ३० च्या जागी २८ किंवा ३२ वाचलं तर मॉड्युलस १.०५ ते १.२४ च्या दरम्यान. ६० च्या जागी ५८ ते ६२ म्हणजे ३.३ ते ३.९. पण ८५ च्या जागी ८३ ते ८७ म्हणजे ११.४ ते १५.५! तीच दोन अंकांची चूक, पण खाली ती ०.२ मेगापास्कलची आणि वर ४ मेगापास्कलची. तक्त्यात मात्र तिन्हीकडे आपण निमूटपणे 'अधिक-उणे २' लिहितो.

आणि एक, राहवत नाही म्हणून सांगते: 'शोअर ए ६१.३७' असं कुणी लिहिलेलं दिसलं तर समजा की तो आकडा यंत्राने दिलेला नाही, एक्सेलने दिला आहे.

आता जिथे हा आकडा खरोखर कुणाच्या तरी पायाशी येतो तिथे जाऊ. पायाशी म्हणजे शब्दशः.

कुष्ठरोग म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुणालाही आनंदवन आठवतं, तिथली माणसं आठवतात. त्यांच्या चपलांचा विचार आपण करत नाही. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होते आणि तळपाय बधिर होतात. खडा टोचला, चप्पल चावली, एकाच जागी सारखा दाब पडला, तरी कळत नाही. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने वेल्लोरला केलेल्या कामातून हे ठळकपणे पुढे आलं की पायाच्या या जखमा म्हणजे रोगाने मांस 'सडणं' नव्हे. वेदना नसल्यामुळे होणारी रोजची इजा हे त्यांचं कारण आहे. मग उपायात पादत्राण आलं, आणि भारतात त्यासाठी वापरात आलं मायक्रोसेल्युलर रबर, लाडकं नाव एमसीआर. रबरात ब्लोइंग एजंट घालून गरम केलं की बारीक बारीक बुडबुडे तयार होतात, तसं हे रबर. हवाई चपलेचा तळ त्याच कुळातला, फक्त पायाखाली घ्यायचं एमसीआर बरंच मऊ असतं. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमातून अशा एमसीआर चपला मोफत वाटल्या जातात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठीही हेच वापरतात.

आणि या साहित्यात एक आकडा पुन्हा पुन्हा येतो: १५ शोअर ए.

आता वर शिकलो ते लावून बघा. १५ ला स्प्रिंगचा जोर किती? ५५० अधिक ७५ गुणिले १५, म्हणजे १,६७५ मिलिन्यूटन, पावणेदोन न्यूटनच्या जरा आत. टोक किती रुतलं? २.५ वजा ०.३७५, म्हणजे सव्वादोन मिमीच्या जरा खाली. त्या खोलीवर टोकाची पृष्ठभागाजवळची रुंदी ढोबळमानाने सव्वा मिमी. थोडक्यात, सव्वा मिलिमीटर रुंदीच्या एका ठिपक्यावर पावणेदोन न्यूटन टाकून आपण मत देतो आहोत की हे रबर माणसाच्या टाचेला चालेल का.

टाचेचा हिशोब वेगळा आहे. मधुमेही पायांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत बुटाच्या आतला कमाल दाब २०० किलोपास्कलखाली ठेवण्याचं लक्ष्य सांगितलेलं आहे. ५० मिमी बाय ५० मिमीच्या चौकोनावर २०० किलोपास्कल म्हणजे ५०० न्यूटन, जवळपास ५१ किलो वजनाएवढा भार. पावणेदोन न्यूटनवाल्या यंत्राने ५०० न्यूटनवाल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे.

बरं, यंत्राच्या बाजूनेही हा आकडा अडचणीचा आहे. शोअर ए पट्टीवर २० च्या खालचे आणि ९० च्या वरचे आकडे विश्वासार्ह धरू नयेत, असं एएसटीएमचं मानकच सांगतं. मऊ आणि फुगीर पदार्थांसाठी आयएसओमध्ये 'एओ' आणि एएसटीएममध्ये 'ओओ' असे गोल टोकाचे प्रकार वेगळे केलेले आहेत. त्यामागचं कारण सोपं आहे. टोकदार शंकू बुडबुड्याच्या भिंतीवर पडला की एक आकडा, बुडबुड्याच्या मधोमध पडला की दुसरा. शीट मोल्डमधून निघाली तशी मोजली तर वरची घट्ट कातडी मोजली जाते, मधून चिरून मोजली तर आतला जाळीदार भाग. दोन्ही वेळा लिहायचं तेच: 'शोअर ए ड्युरोमीटरने मोजला'.

आणि तरीही माझी सगळ्यात मोठी तक्रार ही नाही. मऊपणा एका क्षणी मोजता येतो, पण चप्पल एका क्षणी वापरली जात नाही. फुगीर पदार्थ दाबत गेलात तर त्याच्या आलेखाचे तीन टप्पे दिसतात. सुरुवातीला सरळ रेष, मग एक सपाट माळ जिथे बुडबुड्यांच्या भिंती वाकत जातात आणि थोड्याच जादा दाबात पदार्थ खूप दबतो, आणि शेवटी खडा चढ, जिथे भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि फोम आता फोम राहिलेला नसतो, घट्ट रबर झालेला असतो. लॉर्ना गिब्सन आणि मायकल ॲशबी यांच्या 'सेल्युलर सॉलिड्स' या १९८८ च्या पुस्तकात हे इतकं स्वच्छ मांडलं आहे की फोमवर काम करणार असाल तर तेवढं प्रकरण तरी वाचाच. बधिर पायाखालचं एमसीआर त्या सपाट माळावर राहायला हवं. ते खड्या चढावर गेलं की टाच जमिनीवरच टेकली म्हणा. नव्या शीटचा शोअर आकडा यातलं काही सांगत नाही. ती शीट माळावर आहे की चढाला लागली हे सांगत नाही, आणि महिनाभर चालल्यावर कुठे असेल हे तर नाहीच नाही.

मग मोजायचं काय? ५० बाय ५० चा तुकडा कापा, तुमच्या विभागातल्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर दोन सपाट प्लेटमध्ये ठेवा, ० ते ५०० न्यूटन असा पूर्ण आलेख काढा. मग हजारो वेळा दाबून-सोडून तोच आलेख पुन्हा काढा. यंत्र तेच जे तुम्ही टेन्साइलला रोज वापरता. फक्त जबडे काढून प्लेट लावायच्या. मला राग येतो तो इथे. यंत्र उपलब्ध असतं, तरी निबंधात सव्वा मिलिमीटरचा ठिपका येतो, कारण ड्युरोमीटर टेबलावर पडलेला असतो आणि मशीनसाठी रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं.

फोमच्या दुसऱ्या एका चाचणीत तर भाषाच फसवते. कॉम्प्रेशन सेट म्हणजे नमुना ठराविक प्रमाणात दाबून, ठराविक तास, ठराविक तापमानाला ठेवायचा, सोडायचा, अर्ध्या तासाने बघायचं की तो किती परत आला नाही. रबराचं मानक, एएसटीएम डी ३९५ ची बी पद्धत, ही तूट किती टक्के दाबलं होतं त्याच्या तुलनेत मोजते. १२.५ मिमीचं बटण ९.५ पर्यंत दाबलं, सोडल्यावर ११.५ झालं. तूट १ मिमी, दाबलं होतं ३ मिमी, सेट ३३ टक्के. लवचीक पॉलियुरेथेन फोमचं मानक, डी ३५७४, मात्र तूट मूळ जाडीच्या तुलनेत सांगतं. २५ मिमीचा तुकडा निम्म्याने दाबला, सोडल्यावर २३.७५ झाला, सेट ५ टक्के. याच फोमला रबराचं सूत्र लावलं तर १० टक्के. आणि वरच्या रबराला फोमचं सूत्र लावलं तर ३३ चे एकदम ८! आता कल्पना करा, एखाद्या निबंधात 'आमचा रबर-फोम पॉलियुरेथेनपेक्षा चांगला टिकतो' असा दावा आहे, एक आकडा एका सूत्राने काढलेला आहे, दुसरा साहित्यातून उचललेला आहे, आणि सूत्र कुठेच छापलेलं नाही. तुम्ही तो दावा तपासणार कसा? परीक्षक म्हणून माझ्याकडे असा निबंध आला तर मी पहिली ओळ लिहीन: कृपया छेद लिहा. (फोम ९० टक्के दाबला असेल तर दोन्ही सूत्रं जवळजवळ एकच उत्तर देतात, त्यामुळे कधीकधी हा गोंधळ दिसतच नाही. तेही वाईटच.)

कॉम्प्रेशन सेटबद्दल अजून एक. चाचणी सहसा ७० किंवा १०० अंशांना, २२ किंवा ७० तास, कारण उष्णतेत रबर लवकर म्हातारं होतं आणि आपल्याला तेच बघायचं असतं. पण प्रश्न थंडीचा असेल तर? १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. पुढच्या महिन्यात चौकशी आयोगाच्या जाहीर बैठकीत रिचर्ड फाइनमन यांनी रबरी ओ-रिंगचा तुकडा छोट्या शिकंजात दाबला, बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, बाहेर काढून शिकंजा सैल केला. रबर लगेच मूळ आकारात आलं नाही. बस, एवढंच. हा दृश्य-चमत्कार म्हणून सांगितला जातो, पण मला तो एक नीट रचलेला कॉम्प्रेशन सेट वाटतो: तापमान प्रश्नाला साजेसं, आणि वेळही. सांध्यातली फट क्षणार्धात उघडते, तेव्हा अर्ध्या तासाने रबर परत आलं तरी त्याचा उपयोग काय? थंडीतल्या कॉम्प्रेशन सेटचं वेगळं मानक, डी १२२९, सोडल्यानंतर १० सेकंदांनी आणि ३० मिनिटांनी अशी दोन रीडिंग घ्यायला सांगतं. तुमच्या प्रयोगात अशी दोन रीडिंग घ्यायला कुणी अडवलेलं नाही. गॅस्केट, सील, दाराची रबरपट्टी यावर काम करणारे कितीजण ती घेतात, तुम्हीच साहित्य चाळून बघा.

बाकीच्या यंत्रांवर फार वेळ घालवत नाही, पण दोन सापळे दाखवून ठेवते.

पहिला 'मॉड्युलस' हा शब्द. रबरवाले 'तीनशे टक्के मॉड्युलस' म्हणतात तेव्हा ते यंग्ज मॉड्युलस म्हणत नसतात. डंबेल मूळ लांबीपेक्षा ३०० टक्के जास्त ताणल्यावर येणारा ताण, एवढाच त्याचा अर्थ. तो उतार नाही, आलेखावरचा एक बिंदू आहे. मेकॅनिकलमधून आलेले विद्यार्थी हा आकडा सरळ सिम्युलेशनमध्ये घालतात आणि मग उत्तर का जुळत नाही म्हणून आठवडा घालवतात. त्यात भर म्हणजे फिलर घातलेलं रबर पहिल्यांदा ताणताना जेवढं ताठ असतं तेवढं दुसऱ्यांदा नसतं. मलिन्स यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. प्रमाणित टेन्साइल चाचणी, ५०० मिमी प्रतिमिनिट, फक्त पहिल्यांदाचं ताणणं बघते. गाडीच्या इंजिनखालचं रबर पहिल्यांदा एकदाच ताणलं जातं, पुढची दहा वर्षं दुसऱ्यांदाच.

दुसरा सापळा गादीच्या दुकानातला. '४० डेन्सिटीचा फोम आहे, एकदम कडक' हे तुम्ही ऐकलं असेल. डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो. कडकपणा म्हणजे दाबायला किती जोर लागतो. फोमच्या रसायनात फेरफार करून जड आणि मऊ, हलका आणि ताठ, असे दोन्ही करता येतात. कडकपणासाठी वेगळी चाचणी आहे: मोठ्या तुकड्यावर २०० मिमी व्यासाची गोल चकती दाबायची, आधी दोनदा दाबून सोडायचं, थोडा वेळ थांबायचं, मग २५ टक्के आणि ६५ टक्के दाबायला लागणारा जोर मिनिटभर धरून वाचायचा. दुकानदाराला माफ करता येईल. निबंधात घनता देऊन 'त्यामुळे फर्मनेस वाढला' असं लिहिणाऱ्याला नाही.

आता यंत्राची बाजू घेतली नाही तर अन्याय होईल. ड्युरोमीटर स्वस्त आहे, त्याला वीज लागत नाही, नमुना फुटत नाही, उत्तर तीन सेकंदांत मिळतं. कारखान्यात रोज शंभर बॅच निघतात, तिथे 'कालच्यासारखीच आहे ना' या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. कुष्ठरोग रुग्णालयाच्या चपला शिवणाऱ्या कारागिराच्या हातात तो असेल आणि आलेली शीट ३० दाखवत असेल, तर ती परत पाठवायला तेवढं पुरेसं आहे. दार राखायला तो उत्तम आहे. तक्रार त्याच्यावर नाहीच. ज्याला दारावर उभं केलं होतं त्याला आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं, तक्रार त्याबद्दल आहे. आणि आपण तसं का केलं, याचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा 'आधीच्या निबंधात होतं म्हणून' हेच असतं. माझंही तेच होतं.

म्हणून तुम्ही संशोधनाला लागण्याआधी एक करा. तुमच्या विषयातला एखादा आवडता निबंध घ्या, पद्धतींचा भाग समोर ठेवा आणि फक्त त्यावरून तो प्रयोग उद्या सकाळी आपल्या प्रयोगशाळेत करायचा आहे असं समजा. जाडी किती घ्याल? किती वेळ थांबाल? कातडीची बाजू की चिरलेली? कितव्या सेकंदाला वाचाल? छेदात काय लिहाल? जिथे जिथे तुम्हाला अंदाज करावा लागला तिथे पेन्सिलने खूण करा. मी माझ्याच पहिल्या सेमिनार रिपोर्टवर हे केलं. हार्डनेसच्या एका वाक्यावर सात खुणा झाल्या.

ते वाक्य आता माझ्या प्रबंधाच्या मसुद्यात असं आहे: "हार्डनेस आयएसओ ४८-४ नुसार, शोअर ए ड्युरोमीटर १ किलो वजनाच्या स्टँडवर बसवून, ३ सेकंदांनी वाचला. नमुने एकसंध, १२.५ मिमी जाड, व्हल्कनायझेशननंतर किमान १६ तास २३ अंश सेल्सिअसला ठेवलेले. प्रत्येक नमुन्यावर पाच जागा, दिलेला आकडा मध्यक. तुलनेची सर्व मिश्रणे त्याच आठवड्यात त्याच यंत्रावर मोजली."

मॅडमनी समासात लिहिलं, "यंत्र कॅलिब्रेट कधी केलं होतं?" मामांना विचारायला चालले आहे.